शब्द तेच, जागा वेगळी!

मराठीत शब्द इकडचे तिकडे केले तरी गाडी सहसा अडत नाही. 'गण्याने मेसमध्ये चार पोळ्या खाल्ल्या' म्हणा, नाहीतर 'चार पोळ्या खाल्ल्या गण्याने मेसमध्ये' म्हणा, कोणी काय खाल्लं ते कळतंच. 'ने', 'मध्ये', 'च' ही मंडळी शब्दाला चिकटून त्याच्याबरोबर फिरतात. इंग्रजीत ही सोय फारशी नाही. तिथे शब्दाची जागा हीच त्याची विभक्ती! त्यातही संख्या, प्रमाण आणि 'सर्वात अमुक' सांगणारे शब्द फार हट्टी. ते बहुतेक वेळा आपल्या लगेच पुढच्या शब्दाला धरतात.

आपल्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ. 'ही निअरली फेल्ड इन ऑल सब्जेक्ट्स' म्हणजे गडी सगळ्या विषयांत काठावर वाचला. 'ही फेल्ड इन निअरली ऑल सब्जेक्ट्स' म्हणजे केटींचा ढीग. शब्द तेच, पण घरी कोणतं वाक्य सांगायचं ते नीट ठरवा!

आता मैदानावर. ८०० मीटरच्या शर्यतीत ४०० मीटरच्या दोन फेऱ्या असतात. 'सेकंड फास्टेस्ट लॅप' म्हणजे सगळ्यांच्या सगळ्या फेऱ्यांत वेगात दुसरी आलेली. ती कोणाची पहिली फेरीसुद्धा असू शकते. 'फास्टेस्ट सेकंड लॅप' म्हणजे फक्त दुसऱ्या फेऱ्या बाजूला काढून त्यातली सर्वात वेगवान. जर्नलमध्येही हेच. 'द फर्स्ट थ्री रीडिंग्ज' ही एका तक्त्यातली वरची तीन; 'थ्री फर्स्ट रीडिंग्ज' म्हटलं तर तीन तक्त्यांतलं पहिलं एकेक.

कधी मात्र जागा बरोबर असूनही घोळ होतो. 'वुई नीड मोअर अ‍ॅक्युरेट रीडिंग्ज'. इथे 'मोअर' कोणाचा? अचूकतेचा की संख्येचा? (मराठीतलं 'अधिक अचूक रीडिंग्ज' तरी कुठे वेगळं आहे म्हणा.) 'रीडिंग्ज दॅट आर मोअर अ‍ॅक्युरेट' लिहिलं की पट्टी ठेवून ०.०१ मिमीपर्यंत मोजणारा मायक्रोमीटर काढायचा. 'मोअर रीडिंग्ज' म्हटलं तर त्याच पट्टीने आणखी दहा वेळा मोजत बसायचं.

आणि आता आपली सगळ्यात लाडकी सवय. मराठीत 'नाही' शेवटी येतं, म्हणून आपण बिनधास्त लिहितो, 'ऑल द बोल्ट्स आर नॉट टाइट'. आपल्या मनात असतं की काही सैल राहिलेत. वाचणारा समजू शकतो की एकही घट्ट नाही. बोलताना 'सगळे'वर जोर देऊन भागतं, कागदावर तो जोर कुठून आणणार? व्याकरणाच्या पुस्तकात हे वाक्य चालूनही जाईल. तपासणीच्या रिपोर्टमध्ये माझ्या मते ते लिहूच नये. पुढच्या शिफ्टच्या माणसाला विचारायला तुम्ही तिथे नसता. 'नॉट'ला उचलून 'ऑल'च्या आधी आणा: 'नॉट ऑल द बोल्ट्स आर टाइट', म्हणजे काही सैल. एकही घट्ट नसेल तर 'नन ऑफ द बोल्ट्स इज टाइट'. पहिलं वाक्य वाचून माणूस पाना घेऊन राहिलेले बोल्ट शोधेल, दुसरं वाचून पहिल्या बोल्टपासून सुरुवात करेल. आणि किती सैल ते मोजलं असेल तर सरळ आकडाच लिहा की राव: 'थ्री आउट ऑफ ट्वेल्व्ह बोल्ट्स आर लूज'.