नव्या रेक्टरबाईंना पत्र

चि. मुक्तास,


मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. गेटची वेळ, मेसच्या तक्रारी हे सगळं तू लवकरच शिकशील. मी लिहितेय ते अशा दुखण्याबद्दल, ज्याला आपल्याकडे अजून ‘डाएटचं खूळ’ म्हणून सोडून देतात. खाण्याचे विकार हे मानसिक आजार आहेत आणि त्यातला स्वतःला उपाशी ठेवायला लावणारा ॲनोरेक्सिया जीवही घेतो.

केवळ हडकुळी मुलगी शोधू नकोस. बुलिमियात भराभर खूप खाल्लं जातं आणि मग उलटी करून किंवा जुलाबाच्या गोळ्या घेऊन ते बाहेर काढलं जातं. अशा मुलीचं वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं. म्हणून वागण्यावर लक्ष ठेव. संकष्टी, एकादशी, गुरुवार असे उपास एकाएकी वाढतात, पण उपास सोडताना तिला कुणी पाहिलेलं नसतं. ‘बाहेर खाऊन आले’ हे रोजचं होतं. जेवण उरकताच ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडते. अंगात ताप असला तरी व्यायाम चुकवत नाही. सतत थंडी वाजणं, चक्कर, केस गळणं, पाळी थांबणं, कानाखाली गालाशी सूज, बोटांच्या सांध्यांवर दात लागून पडलेले घट्टे, झिजलेले दात, यातलं काही दिसलं तर थांबू नकोस. वारंवारच्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. पाळी बराच काळ बंद राहिली की ऐन उमेदीत हाडं ठिसूळ होतात.

‘खा की गं, त्यात काय!’ एवढ्याने हे सुटत नाही. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीने, सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ते चिडचिडे आणि उदास झाले, त्यांना दिवसरात्र अन्नाचेच विचार येऊ लागले, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसले. उपासमार मनालाही बदलते. म्हणून हट्टी वाटणाऱ्या मुलीवर रागावू नकोस.

तिच्याशी एकटीशी बोल. वजनाचा, दिसण्याचा विषय काढू नकोस. ‘तू हल्ली थकलेली दिसतेस, मला काळजी वाटते’ एवढं पुरे. कुणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नकोस. आणि मायेपोटी भरलेलं ताट पुढे ठेवून आग्रह करू नकोस. फार दिवस उपाशी असलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळालं तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरून जिवावर बेतू शकतं. आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचा. ती बेशुद्ध पडली, छातीत धडधडू लागलं, उलटीत रक्त दिसलं किंवा जीव द्यायची भाषा केली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात ने.

मेसमध्ये ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे कौतुकही बंद कर. आजारी मुलीला त्याने बळ मिळतं, ते आजार वाढवायला.

योग्य उपचारांनी मुली बऱ्या होतात, आणि जितक्या लवकर उपचार सुरू होतात तितकं सोपं जातं. तेव्हा या महिन्यातच जवळच्या फिजिशियनना आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटून ये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक नोटीस बोर्डावर लाव. गरज पडेल त्या रात्री फोन कुणाला करायचा, हे तुला आधीच ठाऊक असलं पाहिजे.

तुझी,
मावशी