घर हाती आले, आता संसार



सावकाराकडे गहाण पडलेले घर पुष्कळ वर्षांनी सुटले, तर घरातल्या माणसांना केवढा आनंद होतो! दाराला तोरण लागते. गोडधोड होते. पण दुसऱ्या दिवशी घरधनी घरभर हिंडून पाहतो, तेव्हा खरी स्थिती कळते. आढे वाकले आहे. कणगीत दाणा नाही. भावाभावांत वाटणीचा तंटा आहे. मग घर सोडवले हे काम मोठेच, पण संसार उभा करणे हे त्याहून मोठे काम, असे ध्यानात येते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी आपल्या देशाचे असेच झाले. सुमारे दीडशे-दोनशे वर्षे राज्य करून इंग्रज गेले. पण अडचणी उंबऱ्यावरच उभ्या होत्या. त्या कोणत्या, त्यांतून वाट कशी निघाली, आणि कोणते काम अजून उरले आहे, ते या धड्यात पाहू.

१. फाळणी

स्वातंत्र्य आले ते देशाचे दोन तुकडे होऊन. भारत आणि पाकिस्तान. हद्द आखण्याचे काम रॅडक्लिफ नावाच्या इंग्रज वकिलाकडे दिले होते. हे गृहस्थ त्याआधी कधी या देशात आले नव्हते. त्यांना वेळ मिळाला सुमारे ५ आठवड्यांचा. आपल्या गावात दोन शेतांमधला बांध ठरवायचा तर मोजणीदार येतो, पंच बसतात, तरी वर्ष निघून जाते. इथे तर पंजाब आणि बंगाल हे दोन अफाट प्रांत चिरायचे होते.

सुमारे दीड कोटी माणसे घरदार टाकून हद्दीच्या इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेली. लाखो माणसे मारली गेली. घरदार सोडावे लागलेल्या माणसाला निर्वासित म्हणतात. भारतात आलेले निर्वासित ७० लाखांच्या वर होते. त्यांना निवारा हवा, अन्न हवे, कामधंदा हवा. सिंधमधून आलेल्या पुष्कळ कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत जागा दिली. ती माणसे हात जोडून बसली नाहीत. पापड लाटले, कापड विकले, लहान लहान कारखाने काढले. तेच आजचे उल्हासनगर.

वाटणीत धंद्यांचेही हाल झाले. तागाच्या गिरण्या कलकत्त्याला, म्हणजे भारतात राहिल्या. ताग पिकवणारी पुष्कळशी शेते पूर्व बंगालात, म्हणजे पाकिस्तानात गेली. बैल एकाच्या गोठ्यात आणि नांगर दुसऱ्याच्या पडवीत, अशातली गत झाली.

२. संस्थाने

इंग्रजांच्या काळी सगळा देश एका कारभाराखाली नव्हता. ५६० च्या वर संस्थाने होती. राजे, नबाब, संस्थानिक आपापला कारभार पाहत. आपल्याकडेच सांगली, मिरज, औंध, फलटण, कोल्हापूर अशी किती तरी होती. एवढी छकले घेऊन देश चालायचा कसा?

सरदार वल्लभभाई पटेल यांनी हे काम अंगावर घेतले. बहुतेक संस्थानिक बोलणी करून सामील झाले. हैदराबादचा निजाम मात्र तयार होईना. आपला मराठवाडा त्याच्याच राज्यात होता. तिथल्या लोकांनी स्वामी रामानंद तीर्थ यांच्या पुढारीपणाखाली लढा दिला. शेवटी सप्टेंबर १९४८ मध्ये भारताचे सैन्य गेले आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. देशाच्या इतर भागांहून १३ महिने उशिराने मराठवाडा मोकळा झाला. गोवा तर पोर्तुगीजांच्या हातून डिसेंबर १९६१ मध्ये सुटला.

३. पोटाचा प्रश्न

स्वातंत्र्याआधी ४ वर्षे, १९४३ साली, बंगालात मोठा दुष्काळ पडला. त्यात सुमारे ३० लाख माणसे मेली. अशा उपाशी देशाचा कारभार आपल्या हाती आला. १९५०-५१ साली साऱ्या देशात धान्य पिकले सुमारे ५ कोटी टन. खाणारी तोंडे ३६ कोटी. परदेशातून गहू आणावा लागे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली. आमच्या वयाच्या माणसांनी लहानपणी तिच्या भाकरी खाल्ल्या आहेत.

मग धरणे झाली, पाटाचे पाणी आले, सुधारलेले बियाणे आले, खते आली. आणि शेतकरी राबला. आज देशात ३० कोटी टनांच्या वर धान्य पिकते. खतांच्या भाराने जमिनी थकल्या, विहिरींचे पाणी खोल गेले, हेही खरे. पण जगण्यासाठी परक्याच्या जहाजाकडे डोळे लावून बसण्याची पाळी आता राहिली नाही.

४. कारभार कोणी करायचा?

इंग्रजांच्या काळी मत सर्वांना नव्हते. शेतसारा किंवा कर भरणारा, थोडाबहुत शिकलेला, अशांनाच ते होते. गरीब शेतमजुराला कोण विचारतो?

स्वतंत्र भारताने आपली घटना लिहिली. घटना म्हणजे देशाचा कारभार कसा चालावा याचे मूळ नियम. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २६ जानेवारी १९५० पासून घटना लागू झाली. तिने अस्पृश्यता बंद केली आणि २१ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत दिले. आता ते वय १८ आहे. पाटलाचे एक मत आणि त्याच्या सालगड्याचेही एकच!

त्या वेळी किती तरी शहाणी माणसे म्हणाली, "अडाणी माणूस मत काय देणार?" कारण १९५१ साली १०० माणसांत फक्त १८ जणांना लिहिता-वाचता येत होते. बायांत तर १०० मध्ये ९. मग दर उमेदवाराला एक चित्र दिले. दर उमेदवाराची पेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर ते चित्र लावले. पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, की झाले. १९५१-५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीत १७ कोटींच्या वर मतदार होते. निवडणूक नीट पार पडली. अडाणी माणूस अक्षराने अडाणी होता, अकलेने नव्हे.

पण एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मतदारांच्या याद्या करताना उत्तरेकडच्या पुष्कळ बायांनी आपले नाव सांगितले नाही. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढेच सांगितले. नावाशिवाय यादी कशी होणार? सुमारे २८ लाख बायांची नोंद गळाली. देशाने मत दिले होते. ते घ्यायला स्वतःचे नाव नव्हते.

५. अक्षराची अडचण

आम्ही ही अडचण मुद्दाम शेवटी ठेवली आहे. बाकी साऱ्या अडचणी हिच्यात गुंतलेल्या आहेत.

कूळकायद्याचेच पाहा. मुंबई राज्यात १९४८ साली हा कायदा झाला. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कसेल त्याची जमीन, असे कायद्याने सांगितले. हजारो कुळे मालक झाली. पण किती तरी कुळांनी त्याआधीच "मी राजीखुशीने जमीन सोडतो" अशा कागदावर अंगठा दिला. अंगठ्याच्या वर काय लिहिले आहे, ते पुष्कळांना ठाऊक नव्हते. पिढ्यानपिढ्या कसलेले रान एका अंगठ्याने गेले. कायदा त्यांच्या बाजूचा होता, पण कागद दुसऱ्याच्या बाजूचा होता.

म्हणून आम्ही म्हणतो, देश एका दिवशी स्वतंत्र होतो, पण माणूस एकेका अक्षराने स्वतंत्र होतो. २०११ च्या शिरगणतीत १०० पैकी ७३ जणांना लिहिता-वाचता येत होते. १८ वरून ७३ ही मजल थोडी नव्हे. उरलेले काम सरकारचे आहे, शाळेचे आहे, तसेच तुमचे-आमचेही आहे. तुम्ही हा धडा वाचत आहात, म्हणजे आपल्या वाटचे काम तुम्ही सुरू केले आहे.

आता एवढे करा. घरातला सातबारा नाही तर रेशनकार्ड काढा. त्यावरचे आपले नाव बोट ठेवून वाचा. चूक असेल तर तलाठ्याला किंवा तहसील कचेरीत विचारा. घरातल्या बायांची नावे लागली आहेत का, तेही पाहा. आणि यापुढे कोणी कागद पुढे केला, तर आधी वाचा, मग सही करा.

विचार करा आणि सांगा

१. मराठवाडा केव्हा मोकळा झाला?
२. पहिल्या निवडणुकीत पेट्यांवर चित्रे का लावली होती?
३. २८ लाख बायांची नोंद का गळाली?
४. तुमच्या गावात कूळकायद्याने कोणाला जमीन मिळाली? कोणाची गेली? म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि ४ ओळी लिहा.