घरातील इंधनाची वर्षभराची नोंद

बियाणे किती लागले, खत किती घातले व माल किती विकला गेला, यांचा हिशेब पुष्कळ शेतकरी ठेवतात. परंतु वर्षाकाठी चुलीत काय जाते, याचा हिशेब क्वचितच ठेवला जातो. सरपण बांधावरून आणले व गोवऱ्या घरच्याच शेणाच्या थापल्या, म्हणजे इंधन फुकट पडले, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. सरपण गोळा करण्यात घरातील स्त्रियांचे श्रम खर्ची पडतात आणि चुलीत गेलेले शेण शेताला मिळत नाही.

इंधनाची गरज बारा महिने सारखी नसते. उन्हाळ्यात सरपण वाळलेले असते व स्नानासाठी पाणी फारसे तापवावे लागत नाही. पावसाळ्यात लाकूड ओलसर राहते. त्यातील पाणी उडविण्यातच बरीच उष्णता जाते व धूर वाढतो. हिवाळ्यात पाण्याच्या बंबाची भर पडते. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात हा फरक विशेष जाणवतो. म्हणून एका महिन्याच्या आकड्याला बाराने गुणून वर्षाचा अंदाज बांधू नये.

नोंद ठेवण्याची रीत

रोज वजन करण्याची जरुरी नाही. मे, ऑगस्ट, ऑक्टोबर व जानेवारी या महिन्यांत सणसमारंभ नसलेला एकेक आठवडा निवडावा.

(१) पहिल्या दिवशी सकाळी सरपण, पऱ्हाट्या व गोवऱ्या वेगवेगळ्या तोलून बाजूस ठेवाव्यात. आठवडाभर त्यांतूनच जळण घ्यावे. तोलण्यास साधा ताणकाटा पुरतो.

(२) आठव्या दिवशी सकाळी शिल्लक तोलावी. वजाबाकीस सातने भागले म्हणजे रोजचा खर्च निघतो.

(३) जेवणाऱ्या माणसांची संख्या, आलेले पाहुणे आणि जळण ओले की सुके, हेही लिहावे. ओल्या लाकडाचे वजन अधिक भरत असल्याने या नोंदीवाचून दोन ऋतूंची तुलना फसवी ठरते.

(४) सिलिंडर जोडल्याची व संपल्याची तारीख लिहावी. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो ४० दिवस पुरला तर रोजचा खर्च सुमारे ३५५ ग्रॅम, आणि ३२ दिवस पुरला तर सुमारे ४४४ ग्रॅम होतो. ही वाढ स्वयंपाकामुळे झाली की पाणी तापविल्यामुळे, हे गृहिणीस विचारून नमूद करावे.

हिशेबावरून काय समजते?

ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो गोवरीस अंदाजे पाच किलो शेण लागते. समजा, एका घरात रोज दोन किलो गोवऱ्या जळतात. याचा अर्थ, साधारणपणे एका मोठ्या जनावराचे दिवसाचे सर्व शेण, म्हणजे दहा किलो, चुलीत जाते. पावसाळ्याचे चार महिने वगळून २४० दिवसांत हा आकडा २,४०० किलोंवर जातो. राखेत पालाश व स्फुरद उरतात. परंतु नत्र व सेंद्रिय पदार्थ जळून जातात. हलक्या जमिनीस नेमकी त्यांचीच उणीव असते.

ज्याच्याकडे चार-पाच मोठी जनावरे आहेत, त्यास बायोगॅस संयंत्राचा विचार करता येईल. दोन घनमीटर संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी लागते. यात गॅस मिळूनही शेणातील नत्र स्लरीत राहते. मात्र थंडीत जिवाणूंचे कार्य मंदावून गॅस कमी निघतो आणि नेमकी त्याच वेळी घरची गरज वाढते. उन्हाळ्याच्या आकड्यावरून संयंत्राचा आकार ठरविल्यास हिवाळ्यात निराशा पदरी येते. याकरिता जानेवारीची नोंद अत्यंत महत्त्वाची आहे.

पावसाळ्याच्या नोंदीवरून, मृग लागण्यापूर्वी किती सुके सरपण छपराखाली रचावे, हेही ठरविता येते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील चार-पाच निरनिराळ्या परिस्थितीच्या कुटुंबांत ही नोंद सुरू करून द्यावी. आकडे सांगणारी व्यक्ती बहुधा गृहिणीच असते. म्हणून पहिली माहिती तिलाच द्यावी व वही चुलीजवळ ठेवावी. वर्षअखेरीस सर्वांचे आकडे गावात एकत्र वाचून दाखवावेत. चुलीचा खर्च एकदा डोळ्यांपुढे आला, म्हणजे उकिरड्यावर किती शेण पोहोचावयास हवे होते, हे शेतकऱ्यास निराळे सांगावे लागत नाही.