दोन ४१२

फोन सचिवांचा होता. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावची दूध संस्था, आणि त्यांच्या दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. आदल्या दिवशीच पहिली खरी बिलं वाटली गेली होती. मी कौतुकाच्या अपेक्षेनं फोन उचलला. पलीकडून आवाज आला, “साहेब, आमच्या गावातल्या म्हशी सांजच्याला दूध द्यायच्या बंद झाल्यात व्हय ओ?”

सगळ्यांच्या बिलात फक्त सकाळचं दूध धरलं होतं. चाचणीच्या वेळी मी सकाळचाच डेटा घेतला होता, त्यामुळे तेव्हा सगळं बिनचूक आलं. ४१२ नंबरच्या एक मावशी बिलाचा कागद घेऊन संस्थेत ठाण मांडून बसल्या होत्या आणि उठायला तयार नव्हत्या. म्हणून मीही शोध ४१२ पासूनच सुरू केला.

डेटा डब्यात डबा असा होता. बाहेरचा डबा तारखेचा. तारखेच्या आत सभासद नंबर, नंबराच्या आत सकाळ आणि संध्याकाळ, आणि त्यांच्या आत लिटर, फॅट, एसएनएफ, दर. पायथनमध्ये याला डिक्शनरीच्या आत डिक्शनरी म्हणतात. सकाळची नोंद संस्थेच्या काट्याला जोडलेल्या मशीनच्या फाइलमधून यायची. संध्याकाळी लाइटचा भरवसा नसतो म्हणून तेव्हाची नोंद मोबाइल ॲपवर. दोन्ही ओढे माझ्या प्रोग्रॅममध्ये येऊन एकाच डिक्शनरीत मिळायचे, निदान माझी तशी समजूत होती.

पहिल्यांदा केलं ते साधं प्रिंट. सगळी डिक्शनरी एका ओळीत आली. एक ओळ म्हणजे पडदाभर महिरपी कंस, स्वल्पविराम आणि आकडे, श्वास घ्यायला जागा नाही. कुठला कंस कुठे मिटतो ते बोटानं शोधत बसलो आणि दहा मिनिटांत नाद सोडला.

मग आपल्यापैकी बहुतेक जण करतात तेच केलं. जेसन मोड्यूलमधलं ‘डम्प्स’ घेतलं, ‘इंडेंट’ चार दिला, आणि नंबर क्रमानं दिसावेत म्हणून ‘सॉर्ट कीज’ चालू केलं. लगेच एरर आली. स्ट्रिंग आणि इंटिजर यांच्यात लहान कोण, मोठं कोण हे ठरवता येत नाही, अशा अर्थाची. मी घाईत होतो. मावशी तिकडे बसलेल्या, सचिवांचे दर पंधरा मिनिटांनी फोन. ‘सॉर्ट कीज’ काढून टाकलं, एरर गेली, आणि मला हायसं वाटलं.

माझी खरी चूक ही. बिलातला घोळ त्या एका ओळीत जवळजवळ नाव-गाव-पत्त्यासकट सांगितलेला होता आणि मी ती ओळ पुसून पुढे गेलो.

आता छापलेलं सुंदर दिसत होतं. फक्त गावांची नावं गायब होती. ‘शिरोळ’च्या जागी उलटी तिरकी रेघ, यू आणि चार अंक, असे पाच गठ्ठे. पाच चिन्हांच्या शब्दाला तीस अक्षरं. मराठीत डेटा ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा धक्का एकदा बसतोच. ‘डम्प्स’ला मुद्दाम ‘एन्शुअर आस्की’ फॉल्स सांगितलं नाही, तर ते देवनागरीचं एकही अक्षर जसंच्या तसं छापत नाही. ते सांगितलं, नावं आली. मन आणखी प्रसन्न.

एका दिवसाचंच छापलं तरी सात हजारांवर ओळी होत्या. त्यात ४१२ शोधला. सापडला, त्याच्याखाली सकाळचं साडेचार लिटर. पुन्हा शोधलं, तर तीन-साडेतीन हजार ओळी खाली परत ४१२, आणि त्याच्याखाली संध्याकाळचं चार लिटर. म्हटलं, डेटात दोन्ही वेळचं दूध आहे की! म्हणजे हिशेबाचं सूत्र चुकतंय. ते सूत्र मी त्या दिवशी चार वेळा तपासलं. ते बरोबरच होतं.

एका डिक्शनरीत एकच ‘की’ दोनदा येऊ शकत नाही, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी ते शिकलेलो आहे, शिकवलेलंही आहे. तरी त्या दिवशी पडद्यावर एकाच तारखेखाली दोन ४१२ बघून मला काही खटकलं नाही, कारण मजकूर इतका नीटनेटका होता की त्याच्यावर शंका घ्यावीशी वाटेना.

दुसऱ्या दिवशी आगीतून फुफाट्यात. निवांत तपासावं म्हणून तो सगळा मजकूर जेसन फाइलमध्ये ठेवला आणि फाइल परत वाचली. आता ४१२ च्या नावावर फक्त संध्याकाळचं दूध! सकाळचं नाहीसं. काल संध्याकाळचं नव्हतं, आज सकाळचं नाही. मी सरळ निष्कर्ष काढला की मशीनची फाइलच अर्धवट येते आहे, आणि मशीन बसवणाऱ्या गृहस्थांना फोन करून चार शब्द सुनावले. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या माणसानं बिचाऱ्यानं येऊन केबल बदलली, ती नवी केबल अजून तिथं आहे.

सुटका केली ती आमच्याकडे नुकत्याच लागलेल्या एका मुलीनं. ती शेजारच्या खुर्चीवरून बघत होती. तिनं पायथनचं ‘पीप्रिंट’ मोड्यूल घेतलं, एका तारखेची डिक्शनरी त्याला दिली आणि विचारलं, “सर, या ४१२ ला कोट्स आहेत. वरच्याला का नाहीत?”

एवढंच. वरचा ४१२ हा आकडा होता, इंटिजर. खालचा अवतरण चिन्हांतला ४१२, म्हणजे स्ट्रिंग. मशीनची फाइल वाचताना मी नंबराचा आकडा करून घेतला होता. मोबाइल ॲपचा डेटा जेसन म्हणून येत होता, आणि जेसनमध्ये ‘की’ नेहमी स्ट्रिंगच असते, तिथं आकड्याला ती जागाच नाही. पायथनच्या लेखी हे दोन वेगळे सभासद. बिल काढताना मी आकड्यानं विचारत होतो, म्हणून फक्त सकाळ मिळाली. आणि ‘डम्प्स’ छापताना काय करतं? तेही जेसनच लिहितं, त्यामुळे आकड्याच्या ‘की’ला गुपचूप अवतरण चिन्हं चढवतं. फरक जिथं होता नेमका तिथंच रंग मारला गेला. फाइल परत वाचताना एकाच नावाच्या दोन ‘की’ आल्या की पायथन शेवटची ठेवतं, म्हणून मग संध्याकाळ उरली आणि सकाळ पुसली गेली. दोन दिवसांतली प्रत्येक चमत्कारिक गोष्ट या एका कारणात बसली.

दुरुस्ती एका ओळीची. डेटा आत येतो त्या दारातच नंबराचा आकडा करायचा, मग तो कुठूनही येवो.

तेव्हापासून मी दोन कामं वेगळी ठेवतो. दुसऱ्याला दाखवायचं, पाठवायचं असेल तर जेसन. स्वतः चूक शोधत असेन तर पीप्रिंट. जेसन हे भाषांतर आहे. त्यात पायथनचा टपल लिस्ट होऊन येतो, ‘नन’चा ‘नल’ होतो, तारीख दिली तर ते अडून बसतं. मग आपण ‘डिफॉल्ट’मध्ये ‘एसटीआर’ देऊन त्याची समजूत काढतो, आणि तारीख खरी तारीख होती की कोणी हातानं टाइप केलेला मजकूर, हेही झाकलं जातं. पीप्रिंट वस्तू जशी आहे तशी सांगतं. आकडे आणि स्ट्रिंग मिसळले असले तरी ते रुसत नाही, आकडे एकत्र आणि स्ट्रिंग एकत्र लावून देतं. आमच्या मुलीला म्हणूनच पहिल्या पानावर नुसते आकडे आणि शेवटच्या पानावर कोट्सवाले दिसले.

त्याच्याही खोड्या आहेत. ते ‘की’ आपल्या मनानं क्रमानं लावतं. मूळ क्रम महत्त्वाचा असेल तर ‘सॉर्ट डिक्ट्स’ फॉल्स करा, किंवा २०१९ मध्ये पायथन ३.८ बरोबर आलेलं ‘पीपी’ वापरा, ते क्रमाला हात लावत नाही. ओळीची रुंदी ८० अक्षरं धरलेली असते, पण मोजणी काना-मात्रा-वेलांटी सुटी सुटी धरून होते, त्यामुळे देवनागरी ओळी लवकर तुटतात. १२० द्या, बरं दिसतं.

आणि सगळं छापू नका. सात हजार ओळी छापल्या तेव्हाच माझं बघणं संपलं होतं, पुढे नुसतं शोधणं उरलं. ‘डेप्थ’ दोन दिलं की आतले डबे तीन टिंबांत मिटतात आणि वरचा सांगाडा दिसतो. मी आता आधी नुसती मोजणी छापतो. एका तारखेखाली किती सभासद? ४५० च्या जागी ९०० आले असते तर सचिवांचा दुसरा फोन येण्याआधी उलगडा झाला असता.

जावास्क्रिप्टवाल्यांनी हसू नये. नोडमध्ये कन्सोल लॉग ठरावीक खोलीनंतर आत काय आहे ते न दाखवता नुसतं ‘ऑब्जेक्ट’ लिहून मोकळं होतं. ब्राउझरचं कन्सोल त्याहून लबाड. तिथं बाण दाबून डबा उघडला की उघडण्याच्या क्षणी आत जे आहे ते दिसतं, छापलं तेव्हा काय होतं ते नव्हे.

मराठीपुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. कऱ्हाड हे नाव दोन पद्धतींनी टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही बहुधा सारखीच दिसतात, प्रोग्रॅमला ती दोन गावं. नाव सुटं प्रिंट केलं तर काही कळत नाही. पण डिक्शनरी छापली, किंवा नाव ‘रेप्र’मधून काढलं, की ते लपलेलं चिन्ह तिरकी रेघ, यू, २००डी असं उघडं पडतं. ‘कऱ्हाड’चे दोन गट पडून बेरीज चुकत असेल तर आधी हे बघा.

राहिली एक कबुली. त्या घाईत मी छापलेल्या मजकुराचा स्क्रीनशॉट संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला होता. सभासदाच्या डब्यात बँकेचा खाते क्रमांकही होता, हे ध्यानातच आलं नाही. वीस मिनिटांत काढला, तेवढ्यात किती जणांनी बघितला देव जाणे. छापण्याआधी असे कप्पे गाळणारं चार ओळींचं एक फंक्शन आता माझ्या प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असतं. तुमच्याकडे नसेल तर आज लिहा.

संध्याकाळच्या दुधाचा फरक पुढच्या बिलात जमा झाला. ४१२ नंबरच्या मावशी मात्र अजून बिल हातात आलं की आधी संध्याकाळचे रकाने बोटावर मोजतात, मगच सही करतात.