बीजभांडवल : पहिल्या चुकीची किंमत कोणी उचलायची?



मदतनिधी म्हटलं की शाळेच्या खोल्या, वह्या-पुस्तकं, शिष्यवृत्त्या असे विषय आपल्याला चटकन सुचतात. ते महत्त्वाचेच आहेत. पण आपल्या बॉथेल-बेल्व्ह्यूकडच्या गप्पांत अलीकडे एक वेगळा प्रश्न ऐकू येतो. गावाकडचा एखादा मुलगा किंवा मुलगी काही हुन्नर शिकून बाहेर पडली आणि तिला स्वतःचा छोटा व्यवसाय काढायचा असेल, तर आपण तिला सुरुवातीचे पैसे देऊ शकतो का? आणि दिले, तर ते सांभाळायचे कसे? आज त्याचाच थोडा अभ्यास करूया.

बीजभांडवल म्हणजे नक्की काय?

शिष्यवृत्ती दिली की मूल शिकतं, फी भरली जाते, हिशोब संपतो. कर्ज दिलं की ते व्याजासकट परत येतं, निदान यायला हवं. बीजभांडवल या दोन्हींच्या मधलं आहे. महाराष्ट्रात जिल्हा उद्योग केंद्रामार्फत चालणाऱ्या बीजभांडवल योजनेचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. पण त्यातली रक्कमही बँकेच्या कर्जासोबत मिळणारं सवलतीच्या व्याजाचं कर्जच. केंद्र सरकारने २०२१ साली स्टार्टअपसाठी बीजनिधी योजना आणली. तिच्यात कल्पना सिद्ध करून दाखवण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवली, आणि तीही टप्प्याटप्प्याने. मात्र त्यासाठी नोंदणीकृत कंपनी आणि सरकारी मान्यता यांची अट घातली. वेल्डिंग शिकलेल्या, घरी दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या मुलाला ही पायरी फार उंच पडते.

त्याची खरी अडचण अशी की नव्या धंद्यात पहिली चूक होणारच. मालाचा अंदाज चुकतो, गिऱ्हाईक उधारी बुडवतं, पिल्लं मरतात. पैसे कर्जाने काढलेले असले तर त्या एका चुकीपायी आईचे दागिने किंवा जमिनीचा तुकडा जातो, आणि घरचे म्हणतात, "झाला तुझा धंदा, आता नोकरी बघ." म्हणून देणगीदाराने एक गोष्ट मनाशी पक्की करावी. बीजभांडवल देणं म्हणजे ती पहिली चूक आपल्या खिशातून भरणं. आणि बीजभांडवल सांभाळणं म्हणजे ती चूक लहान राहील, लवकर होईल आणि काहीतरी शिकवून जाईल अशी व्यवस्था करणं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नवीन गोष्ट एकदम सगळ्यांना देत नाही, आधी थोड्या लोकांना देऊन बघतो. तसंच हे.

आपल्याकडचे दोन धडे

पहिला धडा शंभर वर्षांहून जुना आहे. अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा! त्या काळी रुपयाचे ६४ पैसे, म्हणजे हजार रुपये जमवायला ६४ हजार माणसं हवीत. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिलं. त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. तो उभारणारे ईश्वरदास वार्ष्णेय हे जपानमध्ये आणि इथे अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकून गेलेले. थोडक्यात, परदेशी शिक्षणाचा उपयोग गावाकडे करण्याची आपली हौस काही नवी नाही! महत्त्वाचं असं की तिथे काच बनवण्याबरोबर काच बनवायला शिकवणंही होतं. तिथे तयार झालेली माणसं पुढे देशातल्या इतर काच कारखान्यांत गेली. एखादी भट्टी थंड पडली तरी शिकलेला हात वाया जात नाही.

दुसरा धडा पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे वर्षभर राहून वर्कशॉप, शेती-पशुपालन, ऊर्जा-पर्यावरण आणि गृह-आरोग्य अशी कामं प्रत्यक्ष करून शिकतात. कलबाग सरांचा आग्रह असा की शिकताना गावाला उपयोगी पडणारी सेवा द्यायची आणि तिचा मोबदला घ्यायचा. त्यामुळे मुलगा धंदा काढण्याआधीच गिऱ्हाइकाला सामोरा गेलेला असतो. लोखंडी फाटक करायचं, पैसे मागायचे, तक्रार ऐकायची, दुरुस्त करून द्यायचं. चुका होतात, पण संस्थेच्या छपराखाली, आणि शिकवणारा बाजूला उभा असताना. २००२ च्या सुमारास एम.आय.टी.च्या मदतीने अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक या गावात सुरू झाली, हे विशेष. कलबाग सर २००३ साली गेले, काम चालू आहे.

एक हिशोब करून बघू

समजा, अशाच एखाद्या संस्थेत शिकलेल्या मुलीला कुक्कुटपालन करायचं आहे. तिचा अर्ज येतो : शेड आणि ५०० पिल्लं, खर्च एक लाख रुपये. आपला हात लगेच चेकबुकाकडे जातो. जरा थांबावं.

ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांत विक्रीला येते, म्हणजे निकाल दीड महिन्यात हातात. मग पहिल्या खेपेला १०० पिल्लं, तीही असलेल्या गोठ्यात किंवा संस्थेच्या शेडमध्ये. दोन किलोच्या कोंबडीला सव्वातीन ते साडेतीन किलो खाद्य लागतं. पाच पिल्लं दगावली असं धरलं तर ९५ कोंबड्यांना सव्वातीनशे किलोच्या आसपास खाद्य जायला हवं. वहीत साडेचारशे किलो दिसलं तर कुठेतरी गळती आहे : उंदीर, सांडासांड, नाहीतर आजार. एकूण खर्चात खाद्याचाच वाटा सगळ्यात मोठा असल्याने नफा-तोटा इथेच ठरतो.

पहिल्या खेपेनंतर तिला चारच प्रश्न विचारायचे. किती जगल्या? खाद्य किती गेलं? कोणाला, काय भावाने विकल्या? उधारी किती आणि कोणाकडे? उत्तरं पटली की दुसरा हप्ता, शेडसाठी. नाही पटली, तर अजून एक छोटी खेप. ती बुडाली तरी हजारांतच बुडते, मुलीच्या डोक्यावर कर्ज राहत नाही, आणि पुढच्या वेळी काय करायचं नाही हे तिला कळलेलं असतं.

हप्ते पाडण्यात एक धोकाही आहे. आमची मीटिंग पुढे ढकलली, ट्रेझरर व्हेकेशनवर गेले, म्हणून तिकडचा हप्ता अडकला तर हंगाम निघून जातो. रोपवाटिकेचे पैसे पाऊस सुरू झाल्यावर पोचून उपयोग काय? म्हणून पूर्ण रक्कम आधीच संस्थेकडे पोचलेली असावी. हप्ता सोडण्याचा निर्णय जवळच्या माणसाने घ्यावा, बॉथेलमध्ये बसून आपण नव्हे.

कायद्याच्या चार गोष्टी

१. भारतातली संस्था परदेशी देणगी घेते तेव्हा तिची एफ.सी.आर.ए. नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर ही देणगी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा व्हावी लागते.

२. त्याच दुरुस्तीने एका संस्थेने परदेशी पैसे दुसऱ्या संस्थेला वाटण्यावर बंदी आली. "मोठ्या संस्थेला पाठवू, ते छोट्याला देतील" हा मार्ग बंद. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही ५० वरून २० टक्क्यांवर आली.

३. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिकाचे, अगदी ओ.सी.आय. कार्ड असलं तरी, ठरतात. आपल्याकडे एकाच घरात दोन्ही प्रकार असतात, तेव्हा चेक कोणाच्या नावाचा हे बघा!

४. इथे टॅक्समध्ये सूट हवी असेल तर देणगी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त धर्मादाय संस्थेमार्फत जावी लागते. इथल्या मराठी मंडळींनी १९७८ साली स्थापन केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन हे अशा मार्गाचं ओळखीचं उदाहरण. मात्र "हे पैसे अमक्याच मुलाला द्या" अशी अट घातली तर सूट मिळत नाही. निवड संस्थेने करायची असते.

पगाराला नाक मुरडू नका

"माझे पैसे पगारावर जाता कामा नयेत, थेट मुलांना मिळाले पाहिजेत," असं आपल्यापैकी बरेचजण म्हणतात. भावना समजते. पण वर सांगितलेला सगळा हिशोब कोण बघणार? आठवड्यातून एकदा मोटारसायकलवरून जाऊन शेड बघणारा, वही तपासणारा, उधारी मागायला मुलीबरोबर दोन पावलं चालणारा माणूस हवा. तो नसेल तर बीजभांडवल म्हणजे नुसतं पैसे वाटणं. पाबळला काय किंवा तळेगावला काय, पैशाच्या शेजारी शिकवणारा होता. तेव्हा दहा मुलांना पैसे आणि मार्गदर्शक कोणीच नाही, यापेक्षा सहा मुलांना पैसे आणि एक चांगला मार्गदर्शक हा सौदा चांगला.

तेव्हा मंडळी, कुठल्याही संस्थेला या कामासाठी देणगी देण्याआधी तीन गोष्टी जरूर विचारा. मुलांना भेटायला कोण जातं, आणि किती वेळा? पहिली खेप किती लहान आहे? धंदा बुडाला तर यंत्र कोणाचं आणि मुलाचं पुढे काय? ज्या संस्थेकडे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तयार असेल, तिथे निःशंक मनाने द्या. आणि पैशाबरोबर थोडा वेळही द्या. उन्हाळ्यात इथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तिकडे सकाळचे नऊ झालेले असतात. जेवणं आटोपल्यावर महिन्यातून एक फोन कोणालाही जमेल. "कशा आहेत कोंबड्या? खाद्याचा भाव काय चाललाय?" एवढं विचारलं तरी समोरच्याला कळतं की आपली वही कोणीतरी वाचतंय.