शब्द मोजण्याआधी

मुक्त व्यावसायिकाचे पैसे अडकण्याची सुरुवात बहुधा काम घेतानाच होते. दर ठरतो, मुदत ठरते. पण पैसे कोण देणार, कधी देणार आणि कशाच्या मोजणीवर देणार, हे बोलण्यातच राहून जाते.

प्रस्तुत लेखकाने २०१६ मध्ये एका कंपनीसाठी यंत्रचालकांच्या प्रशिक्षण-पुस्तिकेचा मराठी अनुवाद केला. इंग्रजी मजकूर ६२,००० शब्दांचा, दर शब्दाला दीड रुपया, म्हणजे एकूण ९३,००० रुपये. सगळे फोनवर ठरले. ‘तुम्ही सुरुवात करा, पैशाचं काही अडणार नाही,’ एवढ्या शब्दावर काम सुरू झाले. जुलैमध्ये पुस्तिका पोचती झाली, तिचे कौतुकही झाले. बिल गेल्यावर मात्र हिशेब विभागाने विचारले, शब्द कोणते मोजले? त्यांच्या मते मोजायचे ते मराठी. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात. ‘फ्रॉम द मशीन’ या तीन शब्दांचा ‘यंत्रातून’ हा एकच शब्द होतो. अनुवाद भरला ४७,००० शब्द, आणि बिल उतरले ७०,५०० रुपयांवर. तेही अकरा महिन्यांनी मिळाले. मधल्या काळात कधी पीओ नंबर नव्हता, कधी साहेब दौऱ्यावर होते, तर कधी वेंडर कोड तयार व्हायचा होता.

अनुवादाच्या धंद्यात मूळ मजकुराचे शब्द मोजतात, तसेच अनुवादाचेही मोजतात. लेखी काही नसले की पैसे देणाऱ्याच्या सोयीची पद्धत लागू होते. हीच गत चित्रकाराच्या ‘दोन-चार बदलां’ची आणि संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या ‘किरकोळ दुरुस्त्यां’ची.

करार तोंडी असला तरी कायद्याने तो करारच असतो. अडचण येते ती सिद्ध करताना. त्यासाठी स्टॅम्प पेपरच हवा असे नाही. फोन संपल्यावर त्याच दिवशी एक मेल पाठवावा. त्यात काम काय, दर किती आणि कोणत्या मोजणीवर, दुरुस्त्या किती वेळा, अ‍ॅडव्हान्स किती, उरलेली रक्कम किती दिवसांत आणि पेमेंट पाहणारी व्यक्ती कोण, एवढे लिहावे आणि समोरून ‘मान्य’ असे उत्तर घ्यावे. उत्तर येईपर्यंत कामाला हात लावू नये. नव्या ग्राहकाकडून तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम आधी मागणे रीतीला धरूनच आहे. ती देताना जो कुरकुरतो, तो शेवटची रक्कम देताना अधिक कुरकुरतो. काम मोठे असेल तर टप्प्याटप्प्याने द्यावे आणि प्रत्येक टप्प्याचे वेगळे बिल करावे. ६२,००० शब्दांचे चार भाग केले असते, तर मोजणीचा वाद पहिल्याच बिलाला उघड झाला असता.

लेखक-अनुवादकांच्या हाती आणखी एक साधन असते. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि हक्कधारकाच्या सहीनिशी व्हावे लागते. नोकरीत नसलेल्या अनुवादकाचा अनुवादावरील हक्क अशा कागदाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. म्हणून ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क हस्तांतरित होतील’ ही एक ओळ मेलमध्ये जरूर घालावी. मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्रांना मात्र हा आधार मिळत नाही. एरवी काही ठरलेले नसेल तर त्यांचा हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो.

बिल काम दिले त्याच दिवशी जावे. त्यावर क्रमांक, तारीख, पॅन, बँकेचा तपशील आणि पैसे देण्याची अंतिम तारीख हवी. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते.

कंपन्या व्यावसायिक शुल्कातून सहसा १० टक्के टीडीएस कापतात. त्यासाठी वर्षाला ३०,००० रुपयांची मर्यादा होती, ती एप्रिल २०२५ पासून ५०,००० झाली. कापलेली रक्कम बुडत नाही, ती आगाऊ भरलेला कर ठरते. पण कापणाऱ्याने ती सरकारकडे भरून आपल्या पॅनवर दाखवली तरच तिचे श्रेय मिळते. वरच्या प्रकरणात ७,०५० रुपये कापून ६३,४५० हाती आले, आणि ते ७,०५० फॉर्म २६एएसमध्ये दिसेनात. ते दिसायला पुढचे पाच महिने तगादा लावावा लागला. दर तिमाहीला ही नोंद तपासली की चूक ताजी असतानाच सापडते.

हाती येणारी रक्कम आणि उत्पन्न यांतला फरक नोकरदाराला जाणवत नाही, मुक्त व्यावसायिकाला तो सतत सांभाळावा लागतो. धंद्याचे खाते वेगळे ठेवावे. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा वाटा लगेच बाजूला काढावा आणि उरलेल्यातून दरमहा ठरावीक रक्कम ‘पगार’ म्हणून घरखात्यात वळवावी. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना आगाऊ कर भरावा लागतो. वास्तुरचना, अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांना जमेची निम्मी रक्कम नफा धरून कर भरण्याची सोय आहे. त्यांना १५ मार्चचा एकच हप्ता पुरतो. आपला व्यवसाय त्या यादीत बसतो का, हे सीएला विचारूनच ठरवावे.

एवढे करूनही पैसे थकले, तर एमएसएमई विकास कायदा, २००६ उपयोगी पडतो. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे करारातल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. एकट्याने सेवा देणारा अनुवादक किंवा डिझायनरही पॅन आणि आधारच्या आधारे उद्यम पोर्टलवर विनामूल्य नोंदणी करू शकतो. ती काम घेण्याआधीच करावी, कारण नंतरच्या नोंदणीवर जुन्या बिलांची दाद मागताना वाद उभा राहतो. तक्रार याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते. नुसता उद्यम क्रमांक बिलावर छापला, तरी हिशेब विभागाची चाल बदलते.

दिवाणी दाव्यासाठी साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. आपण पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही. देणेकऱ्याने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली दिली, तर ती नव्याने मोजली जाते. मोजणीच्या वादात गेलेल्या २२,५०० रुपयांची मागणी प्रस्तुत लेखकाने कधी लेखी केलीच नाही.