चिंगीनं उठवलं, मी झोपले

श्रावणातला सोमवार होता. दिवसभराच्या उपवासानं भूक मेली होती, म्हणून रात्री वरणभाताचे चार घास खाल्ले. इन्शुलिन मात्र रोजच्याइतकंच टोचलं. अडीचच्या सुमाराला चिंगी माझा हात चाटायला लागली. मी हात आत घेतला, तर तिनं पांघरूणच दातात धरून ओढलं. "मेले, झोपू दे की," म्हणत मी कूस बदलली, तरी ती काही ऐकेना. हिला बाहेर जायचं असेल म्हणून उठले आणि दाराशी गेले, तर कडी निघेना. दिवसातून वीसदा काढते मी ती कडी. आता मात्र ती कशी काढतात हेच आठवेना. गाऊन पाठीला चिकटला होता. पण पाळी जायच्या वयापासून रात्रीच्या घामाची सवय झालेली, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. कडीच्या खडखडाटानं हे जागे झाले. माझ्याकडे एकदा बघितलं आणि मीटर काढलं. साखर ४८.

साताऱ्यात आमचं पोळीभाजी केंद्र आहे. माझं वय ५४, मधुमेह चौदा वर्षांचा, गेली पाच वर्षं सकाळ-रात्र इन्शुलिन. दिवसभर हजार लोकांच्या जेवणाची काळजी आणि स्वतःच्या ताटाची वेळ कधीच नाही, असा आमचा धंदा. चिंगी अगदी गावठी. एका पावसाळ्यात केंद्राच्या फळीखाली भिजत बसलेलं पिल्लू होतं, ते राहिलं. तिला कुणी काही शिकवलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ही हकीकत मी पोळ्या लाटता लाटता सगळ्यांना सांगितली. नेहमीच्या एक आजी म्हणाल्या, "दत्त महाराजांच्या पायाशी उगाच नसतात हो कुत्री." लोक चिंगीला बघायला यायला लागले, कुणी पोळी घातली, कुणी फोटो काढला. मलाही अभिमान वाटला. खरं सांगायचं तर माझी चूक तिथूनच सुरू झाली.

कारण पुढच्या दोन-अडीच महिन्यांत चिंगीनं मला आणखी आठ वेळा उठवलं. पहिल्या दोन-तीन वेळा मी बोट टोचून बघितलं. ६२, ५७ असे आकडे आले. नंतर टोचणंही सोडलं. उशाशी डबा ठेवला होता. चिंगीनं उठवलं की त्यातला एखादा बेसनाचा लाडू, चार बिस्किटं खायची आणि पुन्हा झोपायचं. सकाळी उपाशीपोटी साखर २३०-२४० यायची. मी म्हणायचे, बघा, साखर वाढतेच आहे. मग रात्रीचं इन्शुलिन मीच आपल्या मनानं दोन युनिट वाढवलं. रात्री साखर पडत होती, ती मी लाडवानं वर ढकलत होते आणि सकाळचा चढलेला आकडा बघून औषध वाढवत होते. औषध वाढलं की रात्री साखर आणखी पडायची. हे चक्र मला दिसलंच नाही, कारण चिंगी होती ना उठवायला!

दिवाळीच्या आदल्या दिवशी चकलीच्या ऑर्डरी संपता संपेनात. रात्री आठला इन्शुलिन टोचलं, ताट वाढून घेतलं, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक. फराळाचे डबे मोजून देईपर्यंत भाकरी गार झाली. अर्धी खाल्ली आणि तशीच आडवी झाले. बाहेर फटाके सुरू होते. चिंगी पलंगाखाली, पार भिंतीच्या कोपऱ्यात जाऊन बसली होती.

पहाटे अभ्यंगस्नानाला हे उठवायला आले, तर मी उठेना. दातखीळ बसलेली, अंग ओलंचिंब. नणंदेनं घाबरून तोंडात साखरपाणी ओतलं. ते घशात गेलं आणि जोराचा ठसका लागला. त्यात बिचारीचा काय दोष, तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीटरवर ३१. यांनी १०८ ला फोन लावला. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर मी डोळे उघडले आणि पहिलं विचारलं ते म्हणे, "चकल्या नेल्या का?"

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलले, "त्या कुत्रीनं तुम्हाला नऊ वेळा सांगितलं, तुम्ही मला एकदाही सांगितलं नाहीत." हे सगळं लिहायला बसले ते त्या वाक्यामुळे.

साखर वरचेवर पडायला लागली की शरीर इशारे देणं कमी करतं, असं त्यांनी समजावलं. एरवी हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते. ही घंटा हळूहळू मंद होते आणि माणूस थेट गोंधळतो किंवा बेशुद्ध होतो. काही आठवडे साखर पडूच दिली नाही, तर ही जाणीव बऱ्याच जणांना थोडीफार परत येते. म्हणजे आठ रात्री चिंगी मला वाचवत होती आणि त्याच आठ रात्री माझी स्वतःची घंटा गंजत चालली होती.

माझा भाचा औषधशास्त्र शिकतो. कुत्र्यांना हे कळतं कसं, म्हणून त्यानं बरंच वाचून काढलं. २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मधुमेह असलेल्या तीन स्त्रियांच्या कुत्र्यांची हकीकत छापून आली होती. त्यातली एक कुत्री मालकिणीला ढोसून ढोसून उठवायची, काही खाईपर्यंत सोडायची नाही. दुसरी मात्र साखर पडली की पळत जाऊन खुर्चीखाली लपायची आणि मालकिणीनं काही खाल्ल्याशिवाय बाहेर यायची नाही. हे ऐकलं आणि मी गप्प झाले. दिवाळीच्या आदल्या रात्री चिंगी पलंगाखाली गेली ती फटाक्यांना भिऊन की माझ्यामुळे? ते मला कधीच कळणार नाही.

२००८ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मधुमेह असलेल्या २१२ श्वानमालकांना विचारलं, तेव्हा ६५ टक्के म्हणाले की साखर पडल्यावर कुत्रा निदान एकदा तरी वेगळा वागला. पण या मालकांच्या आठवणी आहेत. कुत्र्यानं उठवलेली रात्र लक्षात राहते, न उठवलेली कोण मोजतं? २०१६ मध्ये केंब्रिजला आठ स्त्रियांची साखर देखरेखीखाली उतरवून त्यांचा श्वास तपासला. त्यात आयसोप्रीन नावाचा वायू वाढलेला आढळला, काहींच्या श्वासात तर जवळपास दुप्पट. आपल्या नाकाला तो कळत नाही, कुत्र्याला कळत असावा.

कुत्र्याच्या भरवशाचं काय? इंग्लंडमध्ये खास शिकवलेल्या २७ कुत्र्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यातल्या मधल्या फळीच्या कुत्र्यानं शंभरातल्या ८३ वेळा पडलेली साखर ओळखली, पण कुत्र्याकुत्र्यात फरक मोठा होता. अमेरिकेत २०१७ मध्ये आठ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात शिकवलेल्या कुत्र्यांनाही शंभरातल्या ३६ वेळाच ते जमलं, आणि बहुतेक वेळा दंडावरच्या सेन्सरला कुत्र्याच्या साधारण २२ मिनिटं आधी कळलं होतं. शिकवलेल्या कुत्र्यांची ही गत, तर आमची चिंगी फळीखालची.

म्हणून ज्यांच्या घरी अशी एखादी चिंगी आहे, त्यांना काही गोष्टी सांगते.

कुत्र्यानं अवेळी उठवलं, अंगावर पाय ठेवले, तोंड हुंगलं, विनाकारण घुटमळलं, तर हाकलू नका. दिवा लावा, उठून बसा, बोट टोचा. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात ढवळून प्या. मीटर हाताशी नसेल आणि लक्षणं असतील, तर तपासत न बसता आधी हे प्या. लाडू, पेढा, चॉकलेट त्या वेळी नको. त्यातल्या स्निग्धामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो आणि आपण घाबरून खातच सुटतो. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच घ्या. ठीक झाली आणि जेवणाला वेळ असला, तर अर्धी पोळी किंवा कपभर दूध घ्या.

माणूस बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात थेंबभरही काही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. हे घरातल्या प्रत्येकाला आजच सांगून ठेवा, पाहुण्यारावळ्यांनासुद्धा.

इन्शुलिनचा डोस आपल्या मनानं हलवू नका. सकाळचा एकटा आकडा रात्रीची गोष्ट सांगत नाही. उपवास असेल, जेवायला उशीर होणार असेल, तर काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. ताट समोर आल्याशिवाय मी आता सुई हातात घेत नाही, गिऱ्हाईक थांबतं. बाटलीवर ४० लिहिलंय की १०० ते बघा आणि सिरिंज त्याच आकड्याची घ्या. चुकीच्या सिरिंजनं डोस अडीचपट होऊ शकतो.

कुत्र्याचीही काळजी घ्या. मधुमेहाच्या घरात शुगर फ्री च्युइंगम, गोळ्या असतात. त्यात झायलिटॉल असेल तर कुत्र्याला ते विष आहे. त्याची स्वतःचीच साखर धाडकन पडते. टोचलेलं बोट चाटू देऊ नका आणि रेबीजची लस चुकवू नका. त्यानं उठवलं आणि मीटरनंही साखर कमी दाखवली, तर लगेच शाबासकी द्या, चिमूटभर खाऊ द्या. पण एखाद्या रात्री तो झोपून राहिला म्हणजे साखर ठीक आहे, असं समजू नका. त्याला फटाके असतात, आजारपण असतं, म्हातारपण असतं. साखर वरचेवर पडत असेल आणि परवडत असेल, तर दंडावर लावायच्या सेन्सरबद्दल विचारा. त्यातले काही धोक्याच्या आकड्याला वाजतात. केवळ हे काम करील म्हणून कुणाकडून महागडं पिल्लू विकत घेऊ नका. तशी खात्री कुणीच देऊ शकत नाही.

माझ्या उशाशी आता लाडवांचा डबा नाही. तिथं मीटर आहे, ग्लुकोजची पुडी आहे आणि दोरीला पेन बांधलेली एक वही. चिंगीनं उठवलं की तारीख, वेळ, आकडा, रात्री काय खाल्लं, किती टोचलं, सगळं त्यात जातं. डॉक्टरांनी रात्रीचा डोस उतरवल्यापासून गेल्या चार महिन्यांत वहीत दोनच नोंदी झाल्या आहेत, आणि दोन्ही वेळा मी सकाळी आठला त्यांना फोन केला.

तुमचा कुत्रा तुम्हाला रात्री उठवत असेल, तर त्याचं कौतुक जरूर करा. पण शेजाऱ्यांना सांगण्याआधी डॉक्टरांना सांगा.